खुंटीवरची लाल गाडी

चहा आधी ओतून घ्या, मध्ये उठायला मी कुणाला देणार नाही. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर हसलात तर माझ्या हातात कात्री असते, एवढं लक्षात ठेवा.

माझी फजिती दुसऱ्या कुणी सांगितलेली मला चालत नाही. दुसऱ्याला नीट सांगताही येत नाही. म्हणून मीच सांगते.

मी सुभद्रा. वय त्र्याहत्तर. पनवेलला तळ्याच्या अंगाला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, चाळीस वर्षं झाली. शाळा चौथीपर्यंत, तीही माहेरी करंजाला, आणि त्यातले निम्मे दिवस मासळी वाळत घालण्यात गेले. शिवण मला कुणी शिकवलं नाही. लोकांचे ब्लाउज उसवून उसवून शिकले. मिक्सर उघडून मिक्सर शिकले, पंखा उघडून पंखा शिकले. शिलाई मशीनची मोटर तर मी डोळे मिटून जोडते. माहितीचा कागद वाचून काम करणाऱ्या माणसाची मला मनापासून कीव येते.

माझ्या दुकानाचा एक कायदा आहे. तो नीट ऐका. बाही आखूड झाली? चालेल, बघू. टीप वाकडी गेली? उसव, पुन्हा घाल. पण जिने पुढची बाजू मागे आणि मागची पुढे शिवली, तिचा तो कपडा दाराजवळच्या खुंटीवर आठ दिवस टांगायचा. खाली पाटीवर खडूने तिचं नाव. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईने ते वाचायचं. याला माफी नाही!

आता अर्धं दुकान सांभाळते ती माझी वनिता, करंजाचीच, दोन मुलांची आई. सतरा वर्षांपूर्वी तिचं नाव त्या पाटीवर लागलं होतं. मी कधीच विसरले. ती नाही.

तर आमच्या शेजारी राहतात सालोमनभाऊ आपटेकर. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. मूळ घराणं आपटा गावचं, पण भाऊंचा सगळा जन्म पनवेलात आणि बँकेत गेला. शांत माणूस. इतका शांत की त्याच्याशी भांडण काढावं तर आपणच थकतो. एका सकाळी ते दुकानात आले, हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी.

"सुभद्राबाई, मशीनचं तेल द्याल दोन थेंब?"

रुमाल उघडला तर आत बोटभर लांबीची लाल मोटार. शर्यतीची, जुन्या काळातली. काकडीसारखी लांबोडकी, चाकं बाहेर, मध्ये खड्ड्यात ड्रायव्हर बसलेला. भाऊंच्या वडिलांनी गोदीत नोकरीला असताना दोघा मुलांना दोन आणून दिल्या होत्या. थोरल्या सालोमनला लाल, धाकट्या एलीला निळी. काळ्या पट्ट्यांचा रस्ता जोडायचा, त्यात खाच असते, खाचेच्या दोन्ही बाजूंनी वीज. गाडी खाचेतून पळते. हातातली कळ दाबली की वेग, सोडली की थांबली. स्लॉट कार म्हणतात.

"एली पुढच्या महिन्यात येतोय," भाऊ म्हणाले. "आठवडाभर. पन्नास वर्षांनी आपल्या घरात राहणार आहे."

आणि मग जे सांगितलं ते ऐकून मशीनवरचा माझा पाय थांबला. एली इस्रायलला निघाला त्याच्या आदल्या दिवशी दोघा भावांची दहा फेऱ्यांची शर्यत लागली होती. सातव्या फेरीला लाइट गेली. रात्रभर आली नाही. सकाळी एली विमानतळावर. तीन फेऱ्या राहिल्या त्या राहिल्याच. फोनवर दर वर्षी सणाला एली विचारतो, "भाऊ, तीन फेऱ्या कधी?"

"त्या आता तो आल्यावर पहिल्या रविवारी करू म्हणतो," भाऊ म्हणाले. "दोघांचीही वयं झाली."

मला एकदम गहिवरून आलं. मी म्हटलं, "बसा भाऊ, चहा सांगते," आणि चहा सांगून मी आपली स्टुलावर टेकले.

कड्‌!

हो. भाऊंनी गाडी स्टुलावर ठेवली होती. पासष्ट किलोची मी आणि साठ वर्षांची ती!

खालचा सांगाडा वाचला, मोटर वाचली, चाकं वाचली. वरच्या लाल अंगाचा मात्र चुरा. ड्रायव्हरचं तर डोकंच सापडेना. भाऊंनी चुरा गोळा केला, रुमालात बांधला आणि म्हणाले, "असू दे. जुनं प्लास्टिक होतं."

ओरडले असते तर बरं झालं असतं! मी ओरडणाऱ्याला पुरून उरते. पण "असू दे" म्हणणाऱ्याचं काय करायचं?

"त्या रविवारच्या आत ही गाडी तुम्हाला नवी करून देईन," मी म्हटलं. "सुभद्राचा शब्द आहे."

भाऊंच्या पुतणीने परदेशातल्या एका कारागिराकडून नवं अंग मागवलं. तो या जुन्या गाड्यांचे साचे करून त्यात रेझिन, म्हणजे वाळून घट्ट होणारं पातळ प्लास्टिक, ओततो. पार्सल आलं. उघडलं तर काय, दह्याच्या रंगाची एक आंघोळीच्या साबणाची वडी! दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये एक खड्डा. ना दिवे, ना रंग, ना नंबर. सोबत पुडीत ड्रायव्हरचा छातीपर्यंतचा पुतळा, एक इवलंसं स्टिअरिंग, दोन बारीक नळ्या. आणि एक घडी घातलेला कागद.

कागदाचं काय केलं, विचारू नका. पुढे येईलच.

भाऊंच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा, बारीक काम बंद. तरी बिचारे म्हणाले, "माझ्याकडे जुना फोटो आहे, आणून देऊ?"

"भाऊ," मी म्हटलं, "माझ्याकडे बायका रोज नट्यांचे फोटो घेऊन येतात. फोटो बघून शिवलेला एक तरी ब्लाउज अंगाला बसलेला बघितलाय का? मी वस्तू हातात घेऊन काम करते. आणि पुरी होईपर्यंत कुणाला दाखवत नाही."

झालं! आता पहिला प्रश्न. या साबणाची पुढची बाजू कुठली?

वनिता म्हणाली, "मावशी, मोबाइलवर बघू का? एका मिनटात कळंल."

"मोबाइलने कधी ब्लाउज शिवलाय?"

मी वडी हातात धरली आणि विचार केला. ड्रायव्हरच्या खड्ड्याची एक कड खाली खोल कापलेली, दुसरी उंच, फुगीर. आता तुम्हीच सांगा, खोल गळा कुठे असतो? पाठीला! हल्ली तर कंबरेपर्यंत असतो. म्हणजे खोल बाजू मागची. झाला एक पुरावा.

मग सांगाडा बघितला. मोटर एका टोकाला. एसटी घ्या, टेम्पो घ्या, इंजिन कुठे असतं? पुढे. दुसरा पुरावा.

आणि तिसरा तर असा की मी माझीच पाठ थोपटली. सांगाड्याच्या दुसऱ्या टोकाला खाली एक पातळ पातं होतं, इकडेतिकडे वळणारं. तेच खाचेत बसतं. मी करंजाच्या होडीवाल्याची मुलगी! पाण्यात जाणारं, वळणारं पातं म्हणजे काय हे मला कुणी शिकवावं? सुकाणू! आणि सुकाणू होडीच्या मागे असतं.

"वनिता, तुझ्या बापाच्या होडीचं सुकाणू कुठं आहे?"

"मागं हाय."

"मग? संपलं!"

अंग सांगाड्यावर ठेवून बघितलं. असं बसलं, असं बसलं, जणू हूक काजात गेला. सगळे खळगे सगळ्या जागी. याहून मोठी खात्री आणखी कुठली हवी होती हो?

मग मी पदर खोचला. रेझिनच्या अंगाला साच्यातला तेलकटपणा असतो, त्यावर रंग धरत नाही. मी त्याला रिठ्याच्या पाण्यात न्हाऊ घातलं, रेशमी साडीला घालते तसं. कडेचे पापुद्रे धाग्याच्या कात्रीने कापले. सुईच्या टोकाएवढी भोकं पडलेली, ती रंगाऱ्याची लांबी भरून बुजवली. वनिताचा नवरा तळोज्याला रंगाच्या कारखान्यात आहे, त्याने निरोप पाठवला की पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा, धूळ नाकात जाऊ देऊ नका. तोंडाला ओढणी बांधून मी तीन दिवस घासत होते. गिऱ्हाइकं येत, बघत, घाबरून जात.

अस्तराचा राखाडी रंग. मग लाल, एक पातळ हात, वाळवणं, दुसरा, वाळवणं, तिसरा. चुऱ्यातला एक तुकडा समोर ठेवून रंग जुळवला. साडीला मॅचिंग करण्यात माझं आयुष्य गेलंय, लाल रंगाचे बत्तीस प्रकार मला तोंडपाठ आहेत. हा नेमका जुळला.

आणि मग सजावट! आरसे केले चंदेरी टिकल्यांचे. ड्रायव्हरचा पट्टा केला सॅटिनच्या दोऱ्याएवढ्या पट्टीचा, त्याला खरी टीप घातली, भिंग लावून. समोरची काच शर्टाच्या पाकिटातल्या प्लास्टिकची, ती उंच फुगीर बाजूला चिकटवली. स्टिअरिंग तिथेच. राहिल्या दोन नळ्या. त्या धुराच्या असणार, म्हणजे मागे. मागच्या टोकाला एक छान लांबट भोक होतंच! दोन्ही नळ्या त्यातून बाहेर काढल्या आणि डिंक लावून पक्क्या केल्या. साधा डिंक नव्हे, तो चिकटला की देव आला तरी सुटत नाही तो. पुढच्या टोकावर पांढरा गोल आणि सातचा आकडा.

वनिता बाजूला उभी राहून मान वाकडी करून बघत होती.

"मावशी, या मानसाच्या पाठीला काय टेकायलाच नाय."

"त्याला काय झोपायचंय?"

"नाय, पन त्याच्या तोंडाम्होरं उशीसारका उंचवटा हाय."

"तू हुकं लाव."

ती गेली हुकं लावायला. आता सगळं आठवलं की माझीच मला लाज वाटते. पण थांबा, अजून पुष्कळ आहे.

रविवार उजाडला. एलीभाऊ आले होते. डोक्यावर एक केस नाही, तोंडात मराठी मात्र आमच्या तळ्याकाठची, पन्नास वर्षांत एक शब्द झिजलेला नाही. सालोमनभाऊंच्या बायकोने, रिबेकाने, दिराच्या येण्याचा मलिदा केला होता, गोड पोहे, ओलं खोबरं. प्रार्थना झाली, सगळ्यांनी खाल्लं. मग गाद्या बाजूला सारून हॉलभर काळा रस्ता जोडला. रस्त्याच्या वळणाशी रिबेकाने पाहुण्यांसाठी चिवड्याची परात ठेवली होती.

मी गाडी मखमलीच्या तुकड्यात गुंडाळून नेली. सगळ्यांसमोर तुकडा ओढला. अशी चमकली म्हणता!

एलीभाऊ पुढे झुकले. तोंड उघडलं. मिटलं. भावाकडे बघितलं.

मला वाटलं, भारावले.

सालोमनभाऊंनी काळ्या चष्म्यातून बघितलं. "लाल अगदी तोच आहे," म्हणाले. मी मान ताठ केली.

दोन्ही गाड्या खाचेत ठेवल्या. एलीभाऊंनी आठवण करून दिली, "सात फेऱ्या झाल्यात. तू अर्धी फेरी पुढे होतास." लाल पुढे ठेवली, निळी मागे. मी एक, दोन, तीन म्हटलं.

दोघांनी कळ दाबली. आणि माझी गाडी गेली की रिव्हर्समध्ये!

अहो, सुसाट! सुंदर! पण उलटी! नळ्या पुढे आणि सात नंबर मागे!

"थांबा!" मी ओरडले. "वायर उलटी लागलीय! कुणी हात लावू नका!"

"सुभद्राबाई, मला वाटतं गाडी ठीक..." सालोमनभाऊ म्हणायला लागले.

"भाऊ, मोटर मला शिकवू नका."

बटव्यातून पेचकस काढला. दोन स्क्रू, अंग बाजूला, मोटरच्या दोन वायरी इकडच्या तिकडे. दोन मिनिटं लागली नाहीत. चाळीस वर्षांची सवय आहे! एलीभाऊ खाली मान घालून निळ्या गाडीचं चाक उगाच पुसत होते. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, भावाच्या आठवणीने.

पुन्हा एक, दोन, तीन.

आता गाडी बरोबर माझ्या मनासारखी निघाली, सात नंबर पुढे. चार हात सरळ गेली, पहिलं वळण आलं, आणि गाडी वळलीच नाही! खाच वळली, गाडी सरळ. हवेतून उडाली ती थेट चिवड्याच्या परातीत, नाक खुपसून.

चिवडा हॉलभर उडाला.

"डाळं आडवं आलं," मी म्हटलं.

एलीभाऊंनी गाडी उचलली. फुंकर मारून शेंगदाण्याची सालं उडवली. मग अगदी हळू, अगदी आदराने विचारलं, "सुभद्राताई, एक विचारू? हा मनुष्य मागे तोंड करून का बसलाय?"

"मागे कुठे? पुढे बघतोय तो!"

"आणि या नळ्या?"

"धुराच्या. मागे."

"ताई, इथून हवा आत जाते. हे गाडीचं तोंड आहे."

मी बघितलं. आणि त्या क्षणी मला दिसलं हो! गाडीने तोंडात दोन विड्या धरल्या होत्या. आणि ड्रायव्हर बिचारा उशीत तोंड खुपसून, उशीला धरलेलं स्टिअरिंग फिरवत, मागे चाललेल्या जगाकडे बघत होता.

"ते पातं..." मी बोट दाखवलं.

"ते पुढे असतं, सुभद्राबाई," सालोमनभाऊ म्हणाले. "खाच त्याला ओढून वळवते. मागे गेलं की गाडी उडते. आणि या गाडीचं इंजिन मागे असतं."

"मग अंग इतकं बरोबर बसलं कसं?"

"कारण अंग तुम्ही बरोबरच बसवलंत. फक्त तुमच्या मनात गाडी उलटी होती."

आणि नेमकी त्याच वेळी दारात वनिता! हातात कागद. "मावशी, कालचा कटोरीचा नमुना उघडला, तर यावर गाडीचं चित्र हाय. बानबी काढलाय, पुढं कुठलं ते."

पार्सलमधला कागद! चांगला जाड होता हो. मी त्याचा कटोरी ब्लाउजचा नमुना कापला होता. चित्राचा मागचा अर्धा भाग कुठल्यातरी बाईच्या उजव्या बाजूला गेला होता, पुढचा अर्धा वनिताच्या हातात.

आता मला सांगा, चाळीस वर्षांत जो शब्द मी उच्चारला नाही, तो आता कुठून आणायचा? पण भाऊंकडे बघितलं. तीन फेऱ्यांसाठी पन्नास वर्षं थांबलेला माणूस, आणि मी त्याची गाडी एकदा बसून मोडली आणि एकदा शहाणपणाने. घसा खाकरला.

"चुकलं," मी म्हटलं. "भाऊ, चुकलं माझं. डिंक पक्का आहे, उसवता येणार नाही. नवं अंग मागवते."

सालोमनभाऊंनी काळा चष्मा काढला. गाडी अगदी नाकाशी नेली. मला वाटलं, आता "असू दे" म्हणतात की काय! आणि तो शांत माणूस, ज्याला मी तीस वर्षांत मोठ्याने हसताना बघितलं नाही, तो असा हसायला लागला, असा हसायला लागला की रिबेका पाणी घेऊन धावली.

"खबरदार बदललीत तर!" एलीभाऊ डोळे पुसत म्हणाले. "अहो, लहानपणापासून मी या ड्रायव्हरची पाठच बघत आलोय. सालोमन कायम पुढे, मी कायम मागे. जन्मात पहिल्यांदा त्याचं तोंड दिसलं मला!"

वायरी पुन्हा जागेवर लावल्या. या वेळी मुकाट्याने. एक, दोन, तीन! लाल पुढे, निळी मागे, आणि लाल गाडीतला ड्रायव्हर निळीकडे टक लावून बघतोय. आठवी फेरी, नववी फेरी, दोघे म्हातारे गुडघ्यावर बसून मुलांसारखे ओरडत होते. दहाव्या फेरीला निळी अगदी जवळ आली, वळणावर नाकाला नाक. आणि वीतभराने लाल जिंकली!

"जिंकली!" सगळ्यात मोठ्याने मी ओरडले.

"बघत होता तो मला," एलीभाऊ म्हणाले, "म्हणून जिंकला. डोळा मारला त्याने शेवटी." आणि भावाच्या गळ्यात पडले.

इथे गोष्ट संपवली असती तर किती बरं झालं असतं. पण तुम्ही वनिताला विसरलात. मीही विसरले होते.

एलीभाऊ परत गेल्यावर ती सालोमनभाऊंकडे गेली आणि म्हणाली, "काका, गाडी आठ दिसांसाठी द्याल? दुकानाचं काम हाय." भाऊंनी दिली. सकाळी मी दुकान उघडते तर दाराजवळच्या खुंटीवर लाल गाडी, सॅटिनच्या फितीने टांगलेली. खाली पाटी. पाटीवर खडूने, अगदी वळणदार अक्षरात: सुभद्रा.

"वनिता!"

"कायदा हाय ना, मावशी? तुमीच केलेला."

माफी नाही म्हणून मीच सांगितलेलं. आठ दिवस पनवेलातली प्रत्येक बाई दारात थांबली, पाटी वाचली, आत डोकावली. मी मशीनवरून मान वर केली नाही.

आठव्या दिवशी माझी तीस वर्षांपासूनची गिऱ्हाईक आली, लेकीच्या लग्नाचं पैठणीचं कापड घेऊन. पाटी वाचली. खुंटीवरच्या ड्रायव्हरकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. कापड टेबलावर ठेवता ठेवता जरा घुटमळली.

"मावशी, राग मानू नका. पण हा ब्लाउज शिवणार कोण? तुम्ही, की वनिता?"

मी टेप गळ्यातून काढला, पलीकडे दिला आणि म्हटलं, "वनिता."